लॅपटॉपची स्क्रीन पुसायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप दुरुस्तीच्या काउंटरवर बसलं की एक गोष्ट लवकर लक्षात येते. धुळीमुळे कायमची गेलेली स्क्रीन सहसा कुणी आणत नाही. आणतात त्या पुसताना गेलेल्या: मधोमध ओरखडे, खालच्या कडेला ओल शिरून पसरलेला पांढरट ढग, कोपऱ्यात उडालेला थर. म्हणून गिऱ्हाइकं जे प्रश्न खरोखर विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर दुसरा प्रश्न तेवढा वाचा आणि कामाला लागा.

माझी स्क्रीन कोणत्या प्रकारची आहे, हे कसं ओळखायचं?

लॅपटॉप बंद करा आणि काळ्या स्क्रीनमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. ट्यूब कडांसकट स्पष्ट दिसली तर स्क्रीन ग्लॉसी. नुसता पसरलेला पांढरट उजेड दिसला तर मॅट. ऑफिसकडून मिळणारे बहुतेक लॅपटॉप मॅट असतात, टचस्क्रीनवाले बहुतेक ग्लॉसी.

हा फरक नुसता दिसण्याचा नाही. मॅट स्क्रीनवर तुमचा हात काचेला लागतच नाही, तो लागतो प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मला. ही पोलरायझरची, म्हणजे उजेड गाळणारी फिल्म. आत ताणलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पापुद्रा असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी बहुधा ट्रायअॅसिटाइल सेल्युलोजचं अस्तर असतं. वरचा पृष्ठभाग मुद्दाम अतिसूक्ष्म खरबरीत केलेला असतो, म्हणून उजेड पसरतो. पॅनेलच्या, म्हणजे झाकणातल्या चित्र दाखवणाऱ्या भागाच्या, माहितीपत्रकात त्याची कठीणता बहुधा ‘३ एच’ अशी दिलेली असते, म्हणजे ३ एच पेन्सिलच्या टोकाला टिकेल इतपत. घरातल्या वाळूच्या कणापुढे ती काहीच नाही.

टचस्क्रीनवर खरी काच असते आणि काचेवर तेल न धरणारा अगदी पातळ लेप. बोट सुळकन सरकतं ते या लेपामुळे. मॅकबुकवर काच असते आणि तिच्यावर चकाकी कमी करणारा थर. काही जुन्या रेटिना मॅकबुकांवर हा थर चट्ट्याचट्ट्यांनी उडायला लागला, तेव्हा २०१५ साली अॅपलने अशा स्क्रीन ठरावीक मुदतीपर्यंत मोफत बदलून द्यायला सुरुवात केली होती. काच जशीच्या तशी, गेला होता तो वरचा थर. तेव्हा ‘काचच आहे, घासली तर काय होतंय’ हे डोक्यातून काढून टाका. तुम्ही काच पुसत नसता, काचेवरचा लेप पुसत असता.

२०२४ पासून मॅकबुक प्रो नॅनो टेक्श्चर काचेतही मिळतो, म्हणजे चकाकी कमी व्हावी म्हणून पृष्ठभाग अतिसूक्ष्म खरबरीत केलेल्या काचेत. तो घेतला असेल तर सोबत आलेलं कापड सोडून दुसरं काही लावू नका.

पुसायची नेमकी पद्धत काय?

लॅपटॉप शटडाउन करा. स्लीपवर ठेवून भागत नाही. चार्जर काढा, पेन ड्राइव्ह, माउसचा डोंगल वगैरे जे लटकलेलं असेल तेही काढा. नुकताच दोन-तीन तास वापरला असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण गरम स्क्रीनवर ओल झटकन वाळते आणि वाळताना पट्टे सोडून जाते. शिवाय बंद स्क्रीन काळी असल्यामुळे तिरप्या उजेडात धूळ आणि बोटांचे ठसे लख्ख दिसतात.

मॅकबुकवाल्यांसाठी एक सूचना. गेल्या काही वर्षांतली बरीच मॉडेल झाकण उघडलं की आपोआप सुरू होतात, काही तर नुसतं बटण दाबलं तरी. म्हणून झाकण आधी उघडा, सुरू होऊ द्या, मग शटडाउन करा आणि पुसताना कीबोर्डला हात लावू नका.

आता आधी धूळ, मग ओल. हा क्रम उलटा झाला की ओरखडे ठरलेलेच. धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. कठीणतेच्या मोहस मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे, साधी काच साडेपाचच्या आसपास आणि स्क्रीनवरची फिल्म त्याच्याही बरीच खाली. असा एखादा कण ओल्या फडक्याखाली अडकला आणि तुम्ही तो दाबून गोल गोल फिरवलात, तर स्क्रीनवर गोलाकार रेघांची नक्षी उमटते. ती नंतर कशानेही जात नाही.

कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर असेल तर वरून खाली हवा मारत या. नसेल तर कोरडं, स्वच्छ मायक्रोफायबर कापड स्क्रीनवर अलगद टेकवा आणि खाली ओढा. कापड स्वतःच्या वजनाने उतरतंय असं वाटलं पाहिजे. प्रत्येक वेळी कापडाची नवी बाजू घ्या. कापडाची चौघडी केली तर आठ स्वच्छ बाजू मिळतात, तेवढ्यात अख्खी स्क्रीन होते.

पुष्कळदा इथेच काम संपतं. धूळ गेली, ठसे नाहीत, तर उगाच पाणी लावत बसू नका.

ठसे किंवा डाग राहिले असतील तर दुसरं कापड घ्या. त्याचा एकच कोपरा ओला करा, घट्ट पिळा आणि हाताच्या पाठीवर दाबून बघा. गारवा लागला पाहिजे, पण कातडी ओली दिसता कामा नये. ओली दिसली तर परत पिळा. मग एका हाताने झाकणाला मागून आधार देऊन सरळ रेषेत पुसा, वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे. डाग हट्टी असला तर जोर वाढवू नका. ओलसर कापड त्यावर दहा-पंधरा सेकंद नुसतं टेकवून ठेवा, डाग मऊ होतो आणि पुढच्या हातात निघतो.

स्क्रीन सपाट उघडणारी असेल, म्हणजे १८० अंशांत, तर ती टेबलावर पूर्ण उघडून पुसणं सगळ्यात चांगलं. ओघळ खाली जायला वावच राहत नाही. तशी उघडत नसेल तर खालची कड शेवटी घ्या आणि जवळजवळ कोरड्या कापडाने पुसा.

ताबडतोब कोरड्या कापडाने एक हलका हात फिरवा, दहा मिनिटं झाकण उघडं ठेवा आणि मग लॅपटॉप सुरू करा. ओल असताना झाकण मिटायचं नाही.

दाबून पुसल्याने खरंच काही बिघडतं?

हो. बहुतेक लॅपटॉपची स्क्रीन एलसीडी असते. तिच्या दोन काचांमधली फट साधारण तीन ते पाच मायक्रॉनची असते आणि माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉनचा. त्या फटीत द्रव स्फटिक भरलेले असतात. बोट दाबलं की रंगांच्या लाटा उमटतात त्या याच्या. लाटा निघून जातात, पण दाब जास्त झाला तर मागचे प्रकाश पसरवणारे पापुद्रे दबतात आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर कायमचा उजळ ठिपका दिसायला लागतो. आजकालच्या सडपातळ लॅपटॉपमध्ये पॅनेलची प्रत्येक काच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असते. स्क्रीन ओएलईडी, म्हणजे मागे दिवा नसलेली, स्वतःच उजळणारी असली तरी दाबायचं नाहीच.

पाणी कुठलं घ्यायचं? फिल्टरचं चालतं का?

डिस्टिल्ड वॉटर घ्या. नळाच्या, आणि विशेषतः बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि थेंबाच्या जागी पांढरं कडं उमटतं. गिझरच्या कॉइलवर किंवा बाथरूमच्या नळावर जो थर साचतो तोच हा. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण शून्य नसतात. बऱ्याच मशिनी चवीसाठी थोडे परत मिसळतात. अगदीच अडलं तर आरओचं चालेल, फक्त लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्या. उकळून गार केलेल्या पाण्याचा काही उपयोग नाही, विरघळलेले सगळेच क्षार काही उकळून जात नाहीत.

डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला मिळतं ते. बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं आणि एक बाटली वर्षभर पुरते. पण डोळे उघडे ठेवून घ्या. त्याच दुकानात त्याच फळीवर बॅटरीचं अॅसिडही असतं आणि कधी कधी बाटल्या सारख्याच दिसतात. ते सल्फ्युरिक अॅसिड आहे. सुटं पाणी घेऊ नका, सीलबंद बाटली घ्या आणि लेबल वाचा.

एसीच्या नळीतून गळणारं पाणी डिस्टिल्डच असतं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊन आलेलं असतं. झाडाला घाला.

काच पुसायचा निळा स्प्रे मारला तर?

खिडकीला मारा, आरशाला मारा. स्क्रीनला नको. काच पुसायच्या बऱ्याच द्रवांत अमोनिया किंवा इतर सॉल्व्हंट असतात. खिडकीच्या उघड्या काचेला त्याने काही होत नाही, पण स्क्रीनवरचे लेप आणि फिल्म त्याने हळूहळू मरतात. एकदा मारल्यावर काहीच झालं नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि सहा महिन्यांनी स्क्रीन धुरकट दिसते तेव्हा कारण आठवत नाही.

आत काय आहे यापेक्षाही मारण्याची पद्धत जास्त घातक. कुठलाही द्रव थेट स्क्रीनवर फवारायचा नाही, साधं पाणीसुद्धा नाही. फवारा मारला की थेंब ओघळून खालच्या पट्टीआड जातो. बहुतेक पॅनेलांना तिथेच चित्र चालवणाऱ्या चिप आणि सर्किटची अरुंद पट्टी असते. शिवाय पॅनेलच्या मागे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या फटीत शिरलेला थेंब केशाकर्षणाने चढत जातो आणि वाळल्यावर ढगासारखा डाग ठेवून जातो. स्क्रीन चालते, पण तो ढग कायमचा. अशा केसमध्ये पुसून देणं नसतंच, पॅनेल बदलावं लागतं.

सॅनिटायझर किंवा मेडिकलमधलं स्पिरिट?

कोविडमध्ये लोकांनी सॅनिटायझरने पुसलेल्या स्क्रीन आम्ही भरपूर पाहिल्या. सॅनिटायझर हातासाठी असतो, म्हणून त्यात हात कोरडे पडू नयेत यासाठी ग्लिसरीन घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्का ग्लिसरॉल आणि ०.१२५ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. जेलच्या सॅनिटायझरमध्ये वर घट्टपणा आणणारं द्रव्यही असतं. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन राहतं, त्यावर धूळ चिकटते, आणि आधीपेक्षा घाण स्क्रीन मिळते.

मेडिकलमधल्या स्पिरिटचीही खात्री नसते. कातडीला लावायचं असल्यामुळे त्यात तेलकट किंवा वासाचं काही मिसळलेलं असू शकतं.

नेलपॉलिश रिमूव्हर हा तर प्रश्नच नको. त्यात अॅसिटोन असतं आणि अॅसिटोन प्लॅस्टिकची फिल्म फुगवतं, अॅक्रिलिक विरघळवतं.

मग आयपीए चालतं का? मोबाइलवाले तर तेच वापरतात.

आयपीए म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल. उत्तर स्क्रीनवर अवलंबून आहे. २०२० च्या मार्चमध्ये अॅपलने आपल्या सूचना बदलल्या आणि ७० टक्के आयसोप्रोपाइलचे वाइप डिस्प्लेवर हलक्या हाताने चालतील असं सांगितलं. ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइडला मात्र सक्त मनाई. पण ही सूट त्यांच्या काचेच्या डिस्प्लेची आहे. शेजारच्या मॅट लॅपटॉपला ती आपोआप लागू होत नाही. तुमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा, पीडीएफ त्यांच्या साइटवर असते.

माझा नियम असा: काचेच्या स्क्रीनवर तेलकट थर असेल तर आयपीए आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, कापडावर चार थेंब, आणि तेही क्वचित. रोज अल्कोहोल फिरवलं तर तेल न धरणारा लेप झिजतो. झिजल्याची खूण म्हणजे पूर्वी एका हातात निघणारे ठसे आता चिकटून बसतात आणि बोट अडखळतं. मॅट स्क्रीनवर मी आधी डिस्टिल्ड पाणीच वापरतो आणि दहातल्या नऊ वेळा पुढे जावं लागत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘आयपीए’ म्हणून मागितलं की मिळतं. ९९ टक्केवालं असतं, तसंच लावू नका, पाणी मिसळा. हे ज्वलनशील आहे. देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसजवळ बसून हे काम करायचं नाही, आणि खिडकी उघडी ठेवायची.

कापड कुठलं? घरातला जुना पंचा मऊ असतो की.

मऊ असतो, पण पंचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा धुळीला नुसता पुढे ढकलतो. मायक्रोफायबरमध्ये पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे अतिशय बारीक, चिरलेले तंतू असतात. धूळ आणि तेल त्या तंतूंच्या फटीत अडकतं आणि वर उचललं जातं. जुन्या टी-शर्टचं कापड अडीअडचणीला चालेल, पण छापलेला भाग, शिवण आणि बटण बाजूला ठेवा. टिश्यू पेपर, पेपर नॅपकिन आणि वर्तमानपत्र तिन्ही बाद. कागद हा लाकडाच्या लगद्याचा, मॅट फिल्मवर तो बारीक रेघा ओढतो. वर्तमानपत्राने खिडक्या चमकतात हे खरं असलं तरी इथे ते उपयोगाचं नाही.

चष्म्याच्या डबीतलं कापड उत्तम, फक्त ते सहा महिने नाकाचं तेल पुसून चिकट झालेलं नसावं.

२०२१ मध्ये अॅपलने पुसायचं कापड वेगळं विकायला काढलं, भारतात किंमत १,९०० रुपये. त्यावरून खूप विनोद झाले. नॅनो टेक्श्चर काच असेल तर ते घेण्यात अर्थ आहे, इतरांना साधं, दाट विणीचं मायक्रोफायबर पुरतं. दोन घ्या, एक ओल्याला, एक कोरड्याला, आणि दोन्ही गाडी पुसायच्या कापडांपासून लांब ठेवा. गाडीच्या कापडात अडकलेली वाळू झटकून निघत नाही.

ते कापड धुवायचं कसं?

हाताने, थोड्या डिटर्जंटमध्ये, आणि खळखळून. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, त्याचा थर तंतूंवर बसतो आणि पुढच्या वेळी तोच स्क्रीनवर येतो. टॉवेलांबरोबर धुऊ नका, लव चिकटते. सावलीत वाळवा, इस्त्री नको. जमिनीवर पडलेलं कापड न धुता परत वापरू नका.

झाकण उघडलं की स्क्रीनवर कीबोर्डच्या चौकटी उमटलेल्या दिसतात. ते काय?

बोटांचं तेल बटणांवर बसतं आणि झाकण मिटलं की स्क्रीनला लागतं. बॅगेत पुस्तकं आणि डबा कोंबून भरला की दाबाने जास्तच. नवीन असतानाच ओलसर कापडाने निघतं. महिनोन् महिने तसंच राहिलं आणि बॅगेत घासत राहिलं तर चौकटीच्या जागी लेप झिजतो आणि मग ते डाग न राहता खुणा होतात. उपाय स्क्रीनवर करण्यापेक्षा कीबोर्डवर करा, आठवड्यातून एकदा बटणं पुसा.

मध्ये कापड ठेवून झाकण मिटायची सवय बऱ्याच जणांना आहे. जुन्या जाड लॅपटॉपला चालून जायचं. आताच्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड यांच्यात जागाच नसते. २०२० मध्ये अॅपलने कॅमेऱ्यावर झाकणी लावून मॅकबुक मिटू नका असा इशारा दिला होता. लावायचीच तर ती साध्या कागदापेक्षा, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड नको. एवढ्याशा झाकणीने स्क्रीन फुटत असेल तर घडी घातलेल्या रुमालाचं काय होईल ते समजून घ्या.

दसऱ्याला लॅपटॉपची पूजा केली. हळद-कुंकू कसं काढू?

खंडेनवमी-दसरा झाला की दुसऱ्या दिवशी हमखास येणारा प्रश्न. आधी कुंकवाबद्दल. ओलं कापड लावायचं नाही. कोरडं कुंकू म्हणजे सुटी भुकटी, ब्लोअरने किंवा मऊ, नव्या रंगाच्या ब्रशने उडून जाते. ओल लागली की तिचा लाल चिखल होतो, तो कडेच्या फटीत शिरतो आणि स्पीकरच्या जाळीत बसतो. लॅपटॉप उभा, थोडा पुढे झुकवून धरा म्हणजे उडालेली भुकटी कीबोर्डवर पडणार नाही. सगळं कोरडं निघाल्यावरच शेवटचा ओलसर हात. हळदीचा डाग प्लॅस्टिकच्या चौकटीवर बसला तर तो पुरता जात नाही, फिका होत जातो. त्यासाठी घासून चौकट खरवडू नका.

पण माझी खरी काळजी अक्षतांची. तांदळाचा एक दाणा दीड-दोन मिलिमीटर जाड असतो. तो कीबोर्डच्या कडेला, नेमका बिजागरीजवळ घरंगळतो आणि रात्री कुणीतरी झाकण मिटतं. दाणा फुटत नाही, पॅनेल फुटतं. सकाळी उघडलं की एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आणि निम्मी स्क्रीन काळी. म्हणून पूजा झाल्यावर झाकण मिटण्याआधी कीबोर्डवरून बोट फिरवून बघा. त्याहून सोपं म्हणजे लॅपटॉप आधीच मिटून ठेवा, झाकणावर एक कागद आणि कागदावर फूल, कुंकू, आपट्याची पानं. देवाला चालतं.

हेच कानातल्या कुडीला, पेनाला, इअरफोनला, चण्या-शेंगदाण्याच्या टरफलांनाही लागू.

स्वयंपाकघराच्या टेबलावर काम करते. स्क्रीनवर चिकट थर बसतो.

फोडणीचं तेल वाफेबरोबर हवेत उडतं आणि गार पृष्ठभागावर बसतं. रोजच्या उदबत्तीचा आणि मच्छर कॉइलचा धूरही असाच बसतो. यावर नुसतं पाणी फिरवलं तर थर पसरतो आणि इंद्रधनुषी रेघा दिसतात. काचेची स्क्रीन असेल तर वरचं निम्मं-निम्मं आयपीए. मॅट असेल तर पेलाभर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, त्यात कापडाचा कोपरा बुडवून घट्ट पिळायचा, एक हात फिरवायचा आणि मग साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या कापडाने दोनदा. हा दुसरा भाग गाळला तर साबणाचा थर राहतो. भांड्यांची वडी किंवा पावडर नको, तिच्यात घासायचे कण असतात.

आणि कढई गॅसवर असताना लॅपटॉप ओट्यापासून दूर ठेवता आला तर बघा.

स्क्रीनच्या आत एक बारीक किडा फिरतोय!

बोटाने दाबू नका. पावसाळ्यात दिव्याला जी चिलटं येतात त्यांतलं एखादं चौकटीच्या फटीतून आत शिरतं आणि बॅकलाइटच्या, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्याच्या, पापुद्र्यांमध्ये फिरत राहतं. तुम्ही त्याला चिरडलंत तर ते जिथे आहे तिथेच काळा ठिपका होऊन कायमचं राहतं. लॅपटॉप बंद करा, खोलीत अंधार करा, शेजारी टेबललॅम्प लावा आणि तासभर सोडून द्या. आतला उजेड गेला की ते बहुधा बाहेरच्या उजेडाकडे निघतं. आत मेलंच तर झाकणाच्या मागे हलक्या टिचक्या मारून ते खालच्या कडेला घसरतं का बघता येतं. पॅनेल खोलून किडा काढणं शक्य असतं, पण खोलताना आत धूळ जाते आणि एका ठिपक्याचे पाच होतात. मी तरी गिऱ्हाइकाला तसं करू नका म्हणूनच सांगतो.

मुलाने पेनाने रेघोट्या मारल्यात.

काच असेल तर आयपीएचा ओलसर बोळा रेघेवर टेकवून शाई सुटू द्या आणि टिपा. मॅट असेल तर आधी कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी करून बघा. स्टिकरचा डिंकही असाच, फक्त नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका.

ओरखड्यांवर टूथपेस्ट लावतात म्हणे?

टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका असते, म्हणजे घासायची बारीक पूडच. मॅट स्क्रीनवर ती लावली की खरबरीतपणा घासून जातो आणि एका ओरखड्याच्या जागी हातभर चकचकीत पट्टा तयार होतो. व्हॅसलीन भरल्याने रेघ दोन दिवस दिसत नाही, पण त्यावर धूळ बसते. ओरखडा त्रास देण्याइतका असेल तर पॅनेल बदलणं हाच उपाय. साध्या फुल एचडी पॅनेलला काही हजार रुपये पडतात. मॅकबुकला बहुधा अख्खं झाकणच बदलावं लागतं आणि ते त्याच्या कितीतरी पट महाग.

हवेचा कॅन, तोंडाने फुंकर, जेल?

फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात, आणि तेच परत पुसावे लागतात. हवेच्या कॅनमध्ये साधी हवा नसते, दाबून द्रव केलेला वायू असतो. कॅन तिरका किंवा उलटा धरला तर तो द्रवच बाहेर येतो, अतिशय थंड, आणि स्क्रीनवर पांढरा चट्टा उठतो. वापरायचाच तर उभा धरा, वीतभर अंतरावरून आणि थोडाथोडा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरजवळ लॅपटॉप नेऊच नका. तो चिकट जेल कीबोर्डसाठी विकतात, स्क्रीनवर तो थर सोडतो.

पुसताना पाणी आत गेलं असं वाटतंय. आता?

लॅपटॉप चालू असेल तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, बंद होईल. चार्जर काढा. कडेचं पाणी कोरड्या कापडाच्या टोकाने टिपा. कीबोर्डवर चहा सांडला तर लॅपटॉप पालथा घालतात ते बरोबर आहे, पण स्क्रीनच्या खालच्या कडेला पाणी गेलं असेल तर पालथा घालू नका. तसं केलं की ते पाणी उलट पॅनेलवर सगळीकडे पसरत वर जातं. जसा आहे तसा उभा ठेवा. हेअर ड्रायर नको, त्याच्या उष्णतेने पापुद्रे वाकतात. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने काही होत नाही, फक्त तांदळाची पूड पोर्टमध्ये जाते. ‘चालू होतोय का बघू’ म्हणून बटण दाबण्याचा मोह टाळा आणि दुरुस्तीला द्या. ओल असताना सर्किटमधून वीज वाहिली की नुकसान होतं, पुरतं वाळल्यावर सुरू केलेल्या सर्किटला पुष्कळदा काही होत नाही.

वॉरंटीत बसेल का?

साध्या वॉरंटीत पाण्याने किंवा ओरखड्याने झालेलं नुकसान सहसा बसत नाही. अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर बसू शकतं. बिल आणि त्याचे कागद काढून अटी वाचा.

हा डाग आहे की पॅनेलचा दोष, कसं कळायचं?

स्क्रीन बंद करून टॉर्चचा उजेड तिरपा टाका. उजेडात दिसला तर बाहेरची घाण. बंद असताना काहीच दिसत नाही आणि पांढऱ्या पानावर ठिपका दिसतो, तर तो आतला. तो पुसायला जाऊ नका. असे ठिपके घासता घासता चांगल्या स्क्रीन गेलेल्या आहेत.

किती दिवसांनी पुसावी?

दिसायला त्रास होईल तेव्हा. कोरडा हात आठवड्या-पंधरवड्याला, ओला हात क्वचित. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर आणल्यावर स्क्रीनवर दव धरलं तर ते पुसायची घाई करू नका. लॅपटॉप बंद ठेवून आपोआप वाळू द्या.

घरच्या टीव्हीला आणि मॉनिटरला हेच सगळं चालेल का?

चालेल, दोन फरकांनी. टीव्हीची स्क्रीन बहुतेक वेळा काच नसून फिल्मच असते, त्यामुळे आयपीए मुळीच नको. आणि ती भिंतीवर उभी असल्यामुळे ओघळ खाली जायचा धोका जास्त, शिवाय मागून आधार द्यायला हात पोचत नाही, म्हणून जोर आणखी कमी. मोठ्या टीव्हीला एक कापड पुरत नाही, तीन-चार जवळ ठेवा आणि घाण झालेलं खाली टाकून नवीन घ्या.